भोंग्यावर घेतलेलं नाव

बीबी गावच्या बाजारात बैलगाडीवर उभी राहून माझ्या सवतीनं माइकवरून माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, आणि खाली बसलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मी गाडीशेजारी चुलीपुढं होते. हात पिठानं भरलेले, तव्यावर भाकर. पुढच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ओरडली, "भाकरीवालीले काऊन सोडता वो? तिलेही घेऊ द्या नाव!"

बायका हसल्या. शेतीखात्याच्या साहेबांनी होकाराची मान हलवली. ड्रायव्हरनं माइक वायरीसकट खाली आणून माझ्या तोंडापुढं धरला. माझा श्वास भोंग्यातून अख्ख्या बाजाराला ऐकू जायला लागला.

"घ्या की जाऊबाई," सवत वरून म्हणाली. "लाजता काय, आपल्याच बाया हाएत."

तिचा नवरा आणि माझा नवरा एकच होता. त्या बाजारात हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. साहेब आम्हाला जावा समजत होते. त्या दिवशी बुलढाण्याहून त्यांचे वरचे साहेबही आले होते, खुर्चीत बसून चहा पीत होते, आणि आम्हा दोघींपैकी कोणाला नोकरीवर ठेवायचं ते त्यांच्यापुढंच ठरणार होतं.

इथवर कशी आले ते सांगते.

लग्नानंतर बरीच वर्षं मला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हा दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी झाली होती, पण आमच्या गावात कायदा कोणी मोडला तर त्याची चर्चा होत नसे, जेवणावळीची होत असे. पुढं तिलाही मूल झालं नाही. दोष कोणात होता हे त्यावरून गावाला कळलं. त्याच्या तोंडावर कोणी बोललं नाही.

ती ठेंगणी होती, काळी होती, वरचे दात पुढं होते. दिसायला मी तिच्यापेक्षा बरी. मी चौथी पास, ती दुसरीतून घरी बसलेली. पण ती बोलायला लागली की माणूस जागचा हलत नसे. विहिरीवर मी गेले की बायका घागर उचलून चालू लागत. ती गेली की भरलेल्या घागरी खाली ठेवून बसत. नवरा माझ्या चुलीपाशी जेवायला यायचा आणि तिच्या चुलीपाशी बसायला. त्याचं मला फार वाईट वाटत होतं असं मी तेव्हा समजत होते.

मग शेतीखात्याचे साहेब आले. हायब्रीड ज्वारी नवीन निघाली होती. माणसं बी घ्यायला तयार होती, एकरी पीक दुप्पट म्हणून. बायका आडव्या येत होत्या. कडबा बुटका निघतो, ढोरांना काय घालायचं, आणि भाकर थापताना चिरते, तव्यावर टाकायच्या आधीच तुकडे. बाईनं नाही म्हटलं की आमच्याकडं घरात पोतं येत नाही. म्हणून साहेबांनी ठरवलं की बायकांना बायकांनीच सांगायचं. एकीनं बोलायचं, एकीनं सगळ्यांसमोर भाकर करून दाखवायची. एकटी बाई जीपमधून फिरली तर गाव बोलतं, म्हणून त्यांना एकाच घरच्या दोघी हव्या होत्या. आधी बिनपगारी उमेदवारी करायची, मग त्यांतल्या एकीला कायम करायचं.

माझा नवरा ग्रामपंचायतीत मेंबर होता. दारात जीप उभी राहणार म्हटल्यावर त्यानं दोघींची नावं देऊन टाकली.

"साहेबाले जावा हाओ म्हणजा," तो आम्हाला म्हणाला. "सवती म्हणान तर मी अडकन."

"अन् बाया नाव घ्यायले लावतीन तं?" मी विचारलं. कारण आमच्याकडं नवीन लग्नाची बाई दिसली, पाहुणी दिसली की बायका आधी नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात. त्याशिवाय तिचं कोणी ऐकून घेत नाही.

त्यानं थोडा विचार केला. "हे माहं घेईन," सवतीकडं बोट करून तो म्हणाला. "तू धाकल्याचं घे."

धाकला म्हणजे त्याचा भाऊ. तो स्वतःचं लग्न व्हायच्या आधीच साप चावून मेला होता. मेलेल्या माणसाला माझा नवरा करायचा आणि कपाळाला कुंकू लावून त्याचं नाव घ्यायचं. तेही सवतीसमोर. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. हसत होती की नाही ते मला दिसलं नाही. हसतच असणार.

तरी मी गेले. कारण साहेबांनी सांगितलं होतं की कायम होणारीला तालुक्याच्या गावी खोली मिळेल. मला त्या खोलीचं दार हवं होतं. आत जाऊन आतून कडी लावता येईल असं दार. एका वाड्यात दोन चुली पेटवून राहिलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पहिला कार्यक्रम अमडापूरला झाला. देवळापुढं सतरंजी, जीपवर भोंगा. साहेब पुण्याकडचे. ते आधी बोलले. "भगिनींनो, संकरित वाणाचे फायदे आपण समजून घेतले पाहिजेत." बायका एकमेकींच्या बांगड्या बघत बसल्या. मग सवतीला माइक दिला. तिनं आधी तो डोक्यावरच्या पदरानं पुसला, जसा काही उष्टा होता. बायका तिथंच हसल्या.

"नाव घे, मग बोल," मागून कोणीतरी म्हणालं.

तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"अमडापूरच्या बाजारात ज्वारीची रास,
…रावांना भरवते हायब्रीडचा घास."

रावांच्या आधी आमच्या नवऱ्याचं नाव आलं. ते मी लिहीत नाही, मी त्याचं नाव जन्मात दोनदाच घेतलं आहे. तिच्या तोंडात ते गुळासारखं विरघळलं. मी सात पावलं चालून मिळवलेलं नाव ती भोंग्यातून उधळत होती, आणि बायका "अजून एक, अजून एक" म्हणत होत्या.

त्यानंतर मी भाकरी केल्या. हायब्रीडच्या पिठाला चिकटपणा कमी. ते गार पाण्यात भिजवलं तर चिरणारच. मी उकळतं पाणी ओतून पीठ मळत असे, मग भाकर उचलताना तुटत नाही. यात कसबाचं काही नाही, जुनं झालेलं पीठ सगळ्याच बायका तसं मळतात. बायका जवळ येऊन बघत, तुकडा मोडून खात. मग जाताना सवतीला म्हणत, "काय वो भाकर झाली! किती नरम!" भाकर मी करत होते आणि नरम तिला म्हणत होते. ती माझ्याकडं हात करून "जाऊबाईनं केली" म्हणायची. तोवर त्या माझ्याकडं पाठ फिरवून तिला तिचं माहेर विचारत असत.

गावामागून गाव असंच. मला नाव घ्यायला सांगितलं की मी पिठाचे हात दाखवायची. चालून गेलं.

मला वाटे की बोलायला मला मिळालं तर मी तिच्याहून चांगली बोलेन. चौथी पास होते, साहेबांची पत्रकं वाचता येत होती. एकदा दुपारच्या कार्यक्रमाला तिचा घसा बसला, तेव्हा साहेबांनी मला उभं केलं. मी जे खरं तेच सांगितलं. पीक दुप्पट येतं, पण खत जास्त लागतं. भाकर बरी लागते, पण गावरानची चव नाही. कडबा बुटका. बी दरसाल नवं घ्यावं लागतं, घरचं ठेवलं तर पुढच्या साली उंच-बुटकं काहीही उगवतं.

एक बाई म्हणाली, "मंग काऊन घ्याव बाई?"

मी म्हणाले, "पीक दुप्पट येते म्हणून."

"हाव, पर चव नाही, कडबा नाही, बी ठेवता येत नाही. काय दुप्पट येते, कटकट?"

सगळ्या हसल्या. मला राग आला. मी म्हणाले, नको असेल तर नका घेऊ. साहेबांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. सवत जीपजवळ मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होती. तिनं एक शब्द काढला नाही. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की खोली तिला मिळणार. तेव्हापासून तिचं काहीही मला बघवेना. तिची वेणी बघवेना. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी ती बसायची आणि मी मागं तवा आणि पीठ मळायच्या काठवटीजवळ, तेही बघवेना.

आणि मग बीबी. वरचे साहेब आले होते. सवतीनं नवा उखाणा करून आणला होता, त्यात सासर होतं, सोनं होतं, सगळं होतं. बायका खूश. वरच्या साहेबांनी आमच्या साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी मान डोलवली. मी ते पाहिलं. तेवढ्यात म्हातारी ओरडली आणि माइक माझ्यापुढं आला.

धाकल्याचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. घेतलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण वरून ती म्हणाली, "लाजता काय", आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की खरा नवरा हिला आणि मेलेला मला. मी माइक धरून म्हणाले:

"काठवटीत पीठ, तव्यावर भाकर,
…रावांच्या घरी आम्ही दोघी सवती चाकर."

तेच नाव. भोंग्यातून.

तव्यावरची भाकर करपायला लागली, तिचा वास मला आला. मग मागच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांतून एकजण म्हणाला, "अरे बाप्पा! दोघींचा एकच!" आणि हसू फुटलं. ते हसू चांगलं नव्हतं. वरच्या साहेबांनी कप खाली ठेवला. आमचे साहेब पांढरे पडले. मी सवतीकडं पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं, दात दिसत होते. मला फार बरं वाटलं. म्हटलं, आता बोल.

ती बोलली. गाडीवरून उडी मारली, माझ्या हातातून माइक घेतला, आणि त्या हसणाऱ्या माणसांकडं बोट केलं.

"हसा, हसा! एक मालक अन् दोन बायका, तं जवारी कुठून पुरावी बाप्पा? गावरान पेरे तोवर त्याले एक बायको पोसणं होत नोहोतं. इचारा माह्या बाईले! हायब्रीड पेरली अन् मंग मले आणलं. तुमच्या मालकानं दुसरी आणू नये वाटत असन तं बायांनो, पोतं घरात आलं का कोठीची किल्ली आपल्या कमरेले लावजा!"

हे साफ खोटं होतं. ती घरात आली तेव्हा हायब्रीडचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. म्हातारीनं तर जमिनीवर हात आपटले. माणसं हसायची थांबली, कारण आता बायका त्यांच्याकडं बघून हसत होत्या. एकजण म्हणाला, "चाल वो घरी," तर त्याची बायको म्हणाली, "किल्ली दे आधी." त्या दिवशी जीपमधलं बी कमी पडलं. वरचे साहेब डोळे पुसत होते.

मी चुलीपुढं बसून राहिले. करपलेली भाकर तव्यावरून काढली. मला तेव्हा कळलं ते असं. मी तिला पाडायला खरं बोलले होते. तिनं त्याच खऱ्यावर पाय देऊन वर चढून दाखवलं. मला वर्षभर शिकवलं असतं तरी ते जमलं नसतं. आणि जमावं असं मला वाटतही नव्हतं. दुसऱ्याच्या मालाबद्दल गोड बोलायचं काम माझं नाही. दारासाठी मी ते काम मागत होते, काम मला नको होतं. एवढं कळूनही माझा जळफळाट कमी झाला नाही. वाढला. काम नको असलं तरी ते तिला मिळू नये असं वाटत होतं.

परतताना जीपमध्ये साहेब मागं वळून मला म्हणाले, "तुम्ही आम्हाला जावा असं का सांगितलंत?"

"तुम्ही दोन सवती घेतल्या असत्या का?"

ड्रायव्हर हसला, मग खोकल्यासारखं केलं.

सवत मागं माझ्याजवळ येऊन बसली होती. काठवट मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, तू चूल पेटवली म्हणून म्या भाकर भाजून घेतली. राग धरू नोको."

"धरीन," मी म्हणाले.

"बरं, धर."

नोकरी तिला मिळाली. कागदावर साहेबांनी काय दाखवलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. नवऱ्यावर तक्रारही कोणी केली नाही. तिला जळगाव जामोदला पाठवलं, सातपुड्याच्या पायथ्याला, आमच्यापासून लांब. खोली मिळाली. नवरा आधी नाही म्हणाला. तिनं त्याला काय सांगितलं देव जाणे, बोलून बोलून तिनं त्यालाच तिची ट्रंक स्टँडवर नेऊन द्यायला लावलं.

घरात मी आणि तो उरलो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी जळले तो आता सगळाच्या सगळा माझ्या चुलीपाशी. तो जेवायचा आणि दाराकडं बघत बसायचा. मीही त्याच्याकडं बघायची आणि मला काही वाटायचं नाही. माझा हेवा त्याच्यावरून उठून जळगाव जामोदच्या त्या कडीला जाऊन बसला होता.

पुढच्या हंगामात त्यानं घरचीच हायब्रीड बी म्हणून ठेवली. मी नको सांगितलं. "लय साहेबीन झाली का?" म्हणाला. शेत असं उगवलं की ज्वारीची उंच ताटं आणि बुटकी ताटं शेजारीशेजारी. तिनं सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं.

त्या साली घरात दाणा कमी पडला. मी तवा आणि काठवट घेऊन अमडापूरच्या बाजारात बसायला लागले. भाकर, ठेचा, एखाद्या दिवशी पिठलं. कार्यक्रमांत मला एकच वेळ आवडायची, भाषण संपलं की ड्रायव्हर, शिपाई आणि बाजारची माणसं चुलीभोवती बसत आणि काही न बोलता जेवत, ती. ती वेळ मला रोज हवी होती. कोणी विचारलं, "गावरानची हाय का?" तर जे असेल ते सांगायची. "हायब्रीडची हाय. खायची तं खा." खाणारे खात. नवरा पहिले काही महिने तोंड लपवून फिरला, मग जेवायला तिथंच यायला लागला.

दिवाळीत ती आली. हातात घड्याळ, पायात चपला. घरी न जाता आधी बाजारात आली. माझ्या चुलीपुढं बसून दोन भाकरी खाल्ल्या. मग बोटं चाटत उठली आणि कोणी न विचारता सुरू झाली.

"या वो, या! सरकारी जीपमंदी फिरलेल्या बाईच्या हातची भाकर! बीबीचा अख्खा बाजार बोटं चाटत गेला! बुलढाण्याच्या साहेबानं ताट चाटलं!"

"चूप बस," मी म्हणाले. "कोणत्या साहेबानं ताट चाटलं?"

"चाटलं असतं बाई, तू वाढलंच नाही."

दुपारच्या आतच माझं पीठ संपलं. एवढी गर्दी माझ्या चुलीपुढं त्याआधी कधी झाली नव्हती. ती गर्दी बघून मला आनंद व्हायला हवा होता. मी काठवट धुतली आणि तिला म्हणाले, "पुढच्या बाजारी येऊ नोको."

"काऊन वो?"

"माही भाकर माह्या भाकरीनं खपू दे."

ती पदराला हात पुसत म्हणाली, "तुले माहीत हाय का, मले तुह्यासारखी भाकर थापता येत नाही. तिकडं मी खानावळीचं खाऊन राह्यली. तेव्हा तू चुलीपुढं बसे अन् मी गाडीवर उभी राहो, तं मले वाटे, हे बरी. हिले कोणाले खूश कराव लागत नाही."

तिला माझा हेवा वाटत असेल हे मी मानत नाही. तिनं ते मला खूश करायला म्हटलं असणार. तेच तर तिचं काम होतं. पुढच्या बाजाराला मात्र ती आली नाही, आणि मी दिवसभर रस्त्याकडं बघत होते, हेही खरं.

पुष्कळ वर्षं अशीच गेली. तिचं बोलणं ऐकायला दुसऱ्या जिल्ह्याची माणसं येतात असं कानावर यायचं, आणि त्या दिवशी माझं पीठ नीट मळलं जात नसे. नवरा आधी गेला. त्याच्या तेराव्याला आम्ही दोघी शेजारी बसलो, दोघींची कपाळं मोकळी, आणि बायकांनी तिच्याच गळ्यात पडून रडायचं पसंत केलं. मग तीही गेली, जळगाव जामोदलाच, तिच्या खोलीत. दार आतून लावलेलं होतं, तोडावं लागलं म्हणतात.

तिघांतली मी राहिले.